रात्री दोन वाजता उठणारी लेक

प्रिय भगिनी,

तुमची वीस महिन्यांची लेक रात्री साडेआठला झोपली की सकाळी साडेसहापर्यंत उठत नसे. गावाकडच्या लग्नाहून तापाने फणफणत परतल्यापासून मात्र ती रोज दोनच्या सुमारास रडत उठते, तुमच्या गळ्याला मिठी मारून बसते आणि दुधाची बाटली मिळाल्याखेरीज शांत होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ताप केव्हाच उतरला, पण हे जागरण तीन आठवडे चालू आहे. सासूबाई दृष्ट लागली म्हणतात आणि जायफळ उगाळून चाटवायला सांगतात, मैत्रीण म्हणते की खुशाल रडू द्या. रात्री नीट झोपावी म्हणून तुम्ही तिची दुपारची झोपही बंद करून पाहिली. इतक्या कष्टाने लावलेली सवय आपल्याच हातून मोडली का, हा तुमचा प्रश्न आहे.

तुमच्या हातून काहीही मोडलेले नाही. झोपेचे एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना प्रत्येक मूल क्षणभर अर्धवट जागे होते आणि एरवी कूस बदलून पुन्हा झोपते. आजारपणात तुम्ही तिला अशा प्रत्येक वेळी उचलून घेतलेत, आणि तेच करायला हवे होते. ताप गेला तरी जाग आली की आई उचलते ही तिची अपेक्षा राहिली. त्यातच तिचे वयही असे आहे की आई दृष्टीआड झाली की जीव कासावीस होतो, नवे शब्द सुचत असतात, आणि सोळा ते तेवीस महिन्यांच्या दरम्यान सुळे हिरड्या फोडून बाहेर येत असतात. ती उठल्यावर तुम्हाला ओळखते आणि बिलगते, म्हणजे ही झोपेतली भीती नव्हे. त्या प्रकारात मूल डोळे उघडे असूनही जवळच्या माणसाला ओळखत नाही, आणि ते सहसा झोपेच्या पहिल्या काही तासांत घडते.

मला खरी काळजी वाटते ती त्या बाटलीची. नीट वाढणाऱ्या, दिवसा जेवणाऱ्या मुलाला या वयात रात्री दुधाची गरज नसते. झोपेत प्यायलेले दूध दातांभोवती साचून राहते आणि वरचे पुढचे दात आधी किडतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुधात लोह जवळजवळ नसते, आणि दुधाने पोट भरलेले मूल सकाळी भाकरीकडे ढुंकूनही पाहत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुले रक्तक्षयाची आढळली होती, आणि लोह कमी असलेल्या मुलांची झोप अस्वस्थ असते, हे बालरोगतज्ज्ञ जाणतात. तेव्हा दिवसभराचे दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, रात्रीचे दूध कपाने द्या आणि त्यानंतर दात घासा. जेवणात पालेभाजी, अंडे, अळीव यांपैकी काहीतरी असू द्या आणि वरणभातावर लिंबू पिळा, म्हणजे अन्नातले लोह अधिक शोषले जाईल. रात्री दोनची बाटली एकदम बंद करू नका. दर दोन रात्रींनी दोन-तीन मोठे चमचे दूध कमी करत न्या.

दुपारची झोप मात्र आजच पुन्हा सुरू करा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून अकरा ते चौदा तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अति थकलेले मूल अधिक किरकिरते आणि रात्री जास्त वेळा उठते. पाळणाघरातल्या मावशींना एवढेच सांगा की तिला जेवणानंतर लगेच झोपवावे आणि तीनच्या पुढे झोपू देऊ नये.

आता रात्रीचे. ती उठली की काय करायचे हे घरातल्या सर्वांनी दिवसाउजेडी बसून ठरवावे, कारण रात्री दोन वाजता, शेजारी भिंतीपलीकडे जागे होतील या धास्तीत, कोणीही शहाणा निर्णय घेऊ शकत नाही. दिवा लावू नये, मोबाइल दाखवू नये, कडेवर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारू नयेत. तिच्याजवळ आडवे व्हावे, पाठीवर थोपटावे आणि रोज तेच एक वाक्य हळू आवाजात म्हणावे, उदाहरणार्थ, “आई इथेच आहे, आता निजायचं.” पहिल्या काही रात्री ती जास्त रडेल. तुम्ही शेजारी असाल, त्यामुळे ते रडणे एकटेपणाचे नसेल. बंद दाराआड रडू देण्याचा मैत्रिणीचा सल्ला मला तुमच्या बाबतीत पटत नाही; आजारपणातून उठलेल्या, आईला घट्ट धरणाऱ्या मुलीला दूर करून ती धीट होणार नाही. ती तुमच्याजवळ झोपते यातही काही चूक नाही, फक्त तुमच्या सवयीत रोज बदल नको.

सासूबाईंना मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढू द्या. त्यात त्यांची माया आहे आणि मुलीला कसलाही अपाय नाही. जायफळ मात्र नको. त्याचे प्रमाण थोडे चुकले तरी लहान मुलाला गुंगी येते आणि विषबाधाही होऊ शकते. झोप यावी म्हणून सर्दीचे सिरपही चुकूनसुद्धा देऊ नका. अशा अनेक सिरपांत असणारे क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिलेला आहे.

ती रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, श्वास मध्येच अडकल्यासारखा वाटत असेल, कान ओढत असेल, पुन्हा ताप आला असेल किंवा फिकट दिसत असेल, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यातले काही नसले, तरी वर सांगितलेले तीन-चार आठवडे नेटाने करूनही फरक पडला नाही, तर एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

तुम्ही पत्रात पतीचा उल्लेख एकाच ओळीत केला आहे, की त्यांची झोप गाढ आहे. त्यांना शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री तिच्याजवळ झोपायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. पहिल्या रात्री ती तुम्हाला हाका मारील. तरी उठून जाऊ नका, थोपटणे आणि ते वाक्य त्यांनाही जमते. सोमवारी सकाळी लोकल धरणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन रात्री सलग सात तास झोप मिळालीच पाहिजे.