माळ ‘पडीक’ नसतो : सामाईक जमिनींबद्दल वाचकांचे प्रश्न

गावाचं गायरान, गवताळ माळ, गावालगतचं जंगल आणि तिथली जनावरं-पाखरं वाचवू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून या अंकासाठी सहा प्रश्न घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातले कायदे आणि कार्यालयं धरून दिली आहेत.

आमचं गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं घाटतंय. ‘नाहीतरी पडीकच आहे’ असं सांगतात. माळावर काळवीट आहेत, लांडगेही दिसतात. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

मोर्चा नंतर, आधी सातबारा. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिला कोणता कायदा लागतो हे कळल्याशिवाय काढलेला प्रत्येक अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो.

गट नंबर घेऊन गाव नमुना ७ काढा. भोगवटादार म्हणून ‘सरकार’ लिहिलेलं असेल; त्यावर थांबू नका, इतर हक्कांच्या रकान्यात ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’ अशी नोंद आहे का ते बघा. मग तलाठ्याकडून गाव नमुना १-अ (वनजमिनींची नोंदवही), १-ब (सरकारी जमिनींची) आणि १-ई (अतिक्रमणांची) यांच्या नकला मागा. जुने फेरफारही काढा, कारण गायरान हा शब्द एखाद्या फेरफारात गळून गेलेला सापडतो. त्याच गट नंबरबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा : ही जमीन कधी भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली अधिसूचित झाली होती का? महसूल आणि वन विभागाच्या दप्तरांत मेळ नसणं नेहमीचं आहे. जमीन वन ठरली तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते आणि सगळं चित्रच बदलतं. पूर्व विदर्भातल्या वाचकांनी हे मुद्दाम तपासावं. तिथल्या ‘झुडपी जंगल’ नोंदीच्या जमिनी १९९६ च्या गोदावर्मन आदेशानुसार (वनं कशाला म्हणायचं याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश) वनच मानाव्या लागतील, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

जमीन गायरानच असेल तर तुमचा मुख्य आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २२-अ. गायरान दुसऱ्या वापराला देण्यावर त्यात बंधन आहे; सार्वजनिक प्रकल्पासाठी अपवाद करायचा तर दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही, हे आधी दिसावं लागतं. शिवाय जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी सामाईकच राहाव्यात असं बजावलं आणि त्याला धरून राज्याने १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला. हरकतीत हे तिन्ही लिहा.

खरा जोर मात्र पर्यायावर द्या. ‘आम्हाला प्रकल्प नको’ या वाक्याला फाइलमध्ये वजन नसतं. तालुक्यातली संपलेल्या खाणींची जागा, मोठ्या सरकारी इमारतींची छपरं, गवत उरलेलं नाही असे सरकारी गट नंबर क्षेत्रासह लिहून दिलेत, तर ते का चालत नाहीत हे कोणाला तरी कागदावर लिहावं लागतं. फक्त शेजारच्या गावाचं गायरान सुचवू नका. पुढच्या वर्षी तेच गाव तुमच्यासोबत उभं राहायला हवं.

आणखी एक. सौर प्रकल्पांना पर्यावरणीय पूर्वमंजुरीतून सूट आहे, त्यामुळे जनसुनावणी होतच नाही. तिची वाट बघत बसाल तर जमीन हातची गेलेली असेल. इथे लढाई ग्रामसभा आणि जिल्हाधिकारी कार्यालय या दोनच ठिकाणी होते.

आमच्या ग्रामसभेने ठराव केला, पण ‘असा ठराव आमच्याकडे आलेलाच नाही’ असं उत्तर मिळालं. काय चुकलं? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

बहुतेक वेळा ठराव होतो, पण कागद होत नाही. आधी गणपूर्ती : ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असलेली संख्या हवी. हजेरीवहीवर तेवढ्या सह्या-अंगठे नसतील तर विरोधकाला एवढं एकच कारण पुरतं. विषय नोटिशीत नमूद करून घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून घेतलेला जमिनीचा ठराव पुढे हमखास वादात सापडतो.

ठरावात भावना कमी आणि गट नंबर जास्त असावेत. साधारण असा :

‘मौजे ___ येथील गट नंबर ___, क्षेत्र ___ हेक्टर ही जमीन गायरान असून गावातील ___ जनावरांची चराई तीवर अवलंबून आहे. सदर क्षेत्रात काळवीट व लांडगा यांचा कायम वावर आहे (नोंदी सोबत जोडल्या आहेत). सदर जमीन अन्य प्रयोजनासाठी देण्यास ही ग्रामसभा हरकत घेत आहे. पर्यायी जमिनींची यादी सोबत जोडली आहे. सूचक ___, अनुमोदक ___, ठराव सर्वानुमते मंजूर.’

जनावरांचा आकडा पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुगणनेतून घ्या, अंदाजाने टाकू नका. सभा उठण्याआधी ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा. ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. ती तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक या चौघांकडे वेगवेगळी आवक करा. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख मिळालीच पाहिजे. नाही दिली तर पोचपावतीसह टपालाने पाठवा.

प्राण्यांच्या नोंदी ठेवायला सांगतात. आमच्याकडे मोबाइलशिवाय काही नाही. तेवढं पुरेल का? (एक वाचक, पुणे जिल्हा)

पुरेल, शिस्त असली तर. कॅमेऱ्यातलं लोकेशन चालू ठेवा. विष्ठा, पाऊलखूण, खुराचा ठसा यांचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा आणि कॅमेरा बरोबर वरून धरा. तिरक्या फोटोत लांडगा आणि गावकुत्रं यांचा ठसा वेगळा ओळखणं अवघड असतं. ओळखीची खात्री नसेल तर ‘श्वानकुळातील प्राणी’ एवढंच लिहा. एक चुकीची नोंद सापडली की उरलेल्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

वहीत तारीख, वेळ, गट नंबर, काय दिसलं, किती, काय करत होतं आणि कोणी पाहिलं हे रकाने पाडा. ‘काय करत होतं’ हा रकाना लोक सोडून देतात आणि नेमका तोच महत्त्वाचा असतो. काळवीट दिसलं म्हणजे ते वाटेने जात होतं असं म्हणता येतं. मादी पाडसासह चरत होती किंवा नर एकाच जागी लेंड्यांचा ढीग करत होता, तर तो अधिवास ठरतो. टिटवी, धाविक, पखुर्डी ही पाखरं उघड्या जमिनीवर अंडी घालतात, झाड शोधत नाहीत. अशी अंडी दिसली तर दुरून फोटो घ्या आणि लगेच बाजूला व्हा. लांडग्याची बीळं, पिल्लं हिवाळ्यात दिसतात. म्हणून फक्त उन्हाळ्यात, माळ करपलेला असताना केलेली पाहणी घेऊन कोणी ‘इथे काही नाही’ म्हणालं, तर त्या पाहणीचे महिने विचारा. तुमच्या नोंदी मात्र तिन्ही ऋतूंच्या असू द्या.

काळवीट, चिंकारा, लांडगा हे तिन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत, हे अर्जात लिहाच. पण बीळ आणि घरट्यांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर कधीही टाकू नका. ती वन विभागाला बंद पाकिटात द्या. वनजमिनीवर परवानगीशिवाय कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावू नका. गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल.

याच नोंदी गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोकजैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. नोंदवही जुनी असेल तर ती अद्ययावत करायचा ठराव करा. खाजगी वहीपेक्षा सरकारी नोंदवहीतलं पान सुनावणीत जास्त टिकतं.

माळावर झाडं लावली तर जमीन वाचेल ना? (एक वाचक, सातारा जिल्हा)

गवताळ माळावर नको. खड्डे आणि सलग चर खणले की गवताची मुळं तुटतात, झाडांची सावली पडली की उरलेलं गवतही जातं, आणि माळढोक, तणमोर, चिंकारा यांना लागणारं मोकळं रान संपतं. त्याऐवजी गवत बी धरेपर्यंत आळीपाळीने चराईबंदी ठेवा आणि वणव्याच्या दिवसांत जाळरेषा काढा. गावाची देखरेख दिसली की जमिनीला बेवारस म्हणता येत नाही.

गावालगत जंगल आहे. सामूहिक वनहक्क मिळाला तर ते वाचवता येईल का? (एक वाचक, गडचिरोली जिल्हा)

हो, आणि यापेक्षा मजबूत हत्यार गावाच्या हाती दुसरं नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(झ) मध्ये जंगलाचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, आणि कलम ५ ने अधिवास नष्ट करणाऱ्या गोष्टी थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला.

दावा ‘ग’ नमुन्यात करायचा. ‘ख’ नमुना निस्तार (गावाच्या रोजच्या गरजांसाठी जंगलाचा वापर), चराई, गौण वनोपज यांसारख्या सामूहिक हक्कांसाठी आहे. दोघांची सरमिसळ झाली की दावा परत येतो. सोबत निदान दोन पुरावे हवेत : निस्तारपत्रक, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, देवस्थानं-पाणवठे दाखवणारा नकाशा. इथली गणपूर्ती वेगळी आहे, निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. पंचायतीच्या १०० च्या हिशेबाने सभा घेऊन दावे अडकलेले आहेत. हक्क मिळाल्यावर नियम ४(१)(ङ) खालची, जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन बघणारी समिती लगेच नेमा, नाहीतर हक्क फ्रेममध्ये राहतो आणि तोड चालूच राहते.

खाणीची जनसुनावणी लागली आहे. बोलायचं काय, आणि निकाल विरोधात गेला तर? (एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा)

नोटीस ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात यावी लागते. त्या कात्रणावरची तारीख जपून ठेवा. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा बघायला मिळतो. मराठी सारांशावर समाधान मानू नका. मूळ अहवालातली प्राण्यांची यादी, पाहणीचे महिने आणि झऱ्यांचा नकाशा बघा. तुमच्या नोंदीतलं जे त्यात नाही, त्याचा पान क्रमांकासह तक्ता करा.

सुनावणीत दहा जणांनी तेच भाषण करण्यापेक्षा मुद्दे वाटून घ्या : एकाने पाणी, एकाने प्राणी, एकाने वाहतूक, एकाने चराई. बोललेलं सगळं लेखीही द्या. व्हिडिओ चित्रण होतं, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ते ऐकल्याशिवाय मंडप सोडू नका आणि गाळलेला मुद्दा तिथेच लिहून घ्यायला लावा. सुनावणी उधळून लावायचा मोह आवरा. त्याने प्रकल्प थांबत नाही, तुमचं म्हणणं मात्र नोंदीतून जातं.

त्यानंतर परिवेश पोर्टलवर (पर्यावरण आणि वन मंजुऱ्यांचं केंद्र सरकारचं संकेतस्थळ) प्रस्तावाची स्थिती दर आठवड्याला बघा. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम खंडपीठाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. माहिती अधिकाराच्या उत्तरालाच ३० दिवस लागू शकतात, म्हणून मंजुरीनंतर अर्ज टाकून वाट बघण्यात मुदत निघून जाते. अर्ज सुनावणीच्याच आठवड्यात टाका : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि नकलांसोबत फाइलच्या पाहणीचीही मागणी. वकिलाला द्यायची फाइल तारखेच्या क्रमाने लावा आणि वर एका पानाची तारीखवार यादी जोडा. अपिलाचा मसुदा त्याच यादीवरून तयार होतो.