सिंगापूर : ख्रिस्ती संस्थेच्या कौटुंबिक समुपदेशन केंद्रात हिंदू कुटुंबाने जावे का?

निःसंकोच जावे, सिंगापूरमधील कौटुंबिक सेवा केंद्रे धर्म वा वंश न पाहता सर्वांना मदत करतात आणि तेथे धर्मप्रसार होईल ही आपली भीती अनाठायी आहे. ख्रिस्ती प्रेरणेतून १९८१ मध्ये सुरू झालेली ‘केअर कॉर्नर’ ही संस्था असो वा मुस्लिम महिलांनी १९५२ मध्ये स्थापन केलेली ‘पीपीआयएस’ ही संस्था, त्यांच्या केंद्रांना शासनाच्या सामाजिक व कुटुंब विकास मंत्रालयाचे अर्थसाहाय्य मिळत असल्याने ती सेवा सार्वजनिकच असते. पहिल्या भेटीत समाजकार्यकर्ता घरात कोण कोण राहते, मिळकत किती, मुलांचे शाळेत कसे चालले आहे, हे शांतपणे विचारून घेतो. नंतर आवश्यकतेनुसार, आणि सहसा आपली संमती घेऊनच, शाळा, रुग्णालय किंवा गरजूंना शासकीय आर्थिक मदत देणाऱ्या सामाजिक सेवा कार्यालयाशी संपर्क साधतो. माझ्या मते या कामाचे खरे बळ याच जोडणीत आहे, कारण नवरा-बायकोच्या भांडणामागे पुष्कळदा थकलेले घरभाडे किंवा आजारपण असते. भारतीय समाजासाठी १९९१ पासून कार्यरत असलेल्या ‘सिंडा’ (सिंगापूर इंडियन डेव्हलपमेंट असोसिएशन) या संस्थेचाही पर्याय आहे. मात्र मूल किंवा अन्य कोणी धोक्यात असल्यास गोपनीयता पाळली जाणार नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.