ओरिजिनल पार्ट टाकले तर जुनी राजदूत ३५० पुन्हा पहिल्यासारखी ओढेल का?

ओढेल, पण नुसत्या ओरिजिनल पार्टमुळे नाही. तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९८६ ची गाडी आहे, वरच्या गिअरमध्ये दम धरत नाही, आणि सीलबंद पाकिटातले कंपनीचे पार्ट आणून सगळंच बदलायचा विचार आहे. ते पैसे आत्ता काढू नका. इंजिन कुठून हवा खेचतंय ते आधी शोधा.

एवढं ठासून सांगतोय, कारण आमच्या घरात याच गाडीवरून झालेला वाद अजून मिटलेला नाही. काकांची राजदूत ३५० साताऱ्यात घरामागच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. ती चालू करायचं ठरलं तेव्हा आमचे दाजी पुढे झाले. दाजी सांगलीचे, गाड्यांतला माणूस, आणि घरचे जावई. त्यांच्यापुढे कोण बोलणार? त्यांनी दिल्लीच्या करोल बागेतून जुन्या पाकिटातला माल मागवला. पिस्टन, रिंगा, पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे) आणि क्रँकचे ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या टोकांवरच्या रबरी रिंगासुद्धा. बसवलं सगळं त्यांनीच, मन लावून. गाडी सुरू झाली, आवाजही सुरेख. पण मूठ सोडली तरी रेस लगेच खाली येईना. मी तेव्हाच म्हटलं, हे लक्षण बरं नाही. पुढे यवतेश्वरच्या घाटात डावा पिस्टन पकडला, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकला.

दाजी म्हणाले, "पार्ट सगळे ओरिजिनल टाकलेत. आता इंजिनातच जीव उरला नाही. मोठे कार्बोरेटर लावा आणि सायलेन्सर बदला."

मी म्हटलं, "दाजी, एकदा प्रेशर लावून बघू."

"तू मला टू-स्ट्रोक शिकवणार का?"

त्यावर घरातले सगळे माझ्यावरच उखडले. ते सांगलीला परत गेल्यावर मी आणि मिस्त्रींनी इंजिन उतरवलं.

या गाडीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत येतं आणि पिस्टन खाली आला की तिथून वर ढकललं जातं. क्रँककेस हवाबंद नसेल तर बाकी सगळं फुकट. डाव्या बाजूचं सील गळलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून पकडतो. उजव्या बाजूचं, म्हणजे क्लचकडचं गळलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडतं. आम्ही इनटेक आणि एक्झॉस्ट रबर लावून बंद केले, प्लगच्या भोकातून बीपी मोजायच्या यंत्राच्या फुग्याने हवा भरली. त्याच्या डायलवर ३०० म्हणजे जवळजवळ ६ पीएसआय, या कामाला तेवढंच लागतं. उजवीकडे काटा स्थिर. डावीकडे बघता बघता खाली. मॅग्नेटच्या मागे साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे निघाले.

सील काढून बोटाने दाबलं तर ओठ कडक, वाकेना. होणारच की. एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८३ मध्ये आणली आणि त्या दशकाच्या शेवटाला बंद केली. तेव्हापासून पाकिटात पडलेलं रबर पाकिटातच म्हातारं होतं. लोखंड आणि ॲल्युमिनियम जुन्या पाकिटातलं मिळालं तर चालतं, पण रबर कायम ताजं. त्याच मापाचं नवीन सील बेअरिंगच्या दुकानात मिळतं, पिस्टनच्या मानाने किरकोळ किमतीत.

दोन्ही सील नवीन घातले. पकड हलकी होती, म्हणून सिलेंडर होन करून (आतून बारीक घासून) तोच पिस्टन परत बसवला. या गाडीत दोन सिलेंडरला दोन वेगळे पॉइंट असतात. दोन्हींचं टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज घालून लावलं, नुसत्या नजरेने नाही. कार्बोरेटरचे स्लाइड एकदम उचलतील असे जुळवले. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या कार्बनने बुजल्या होत्या, त्या कॉस्टिकमध्ये टाकून साफ केल्या. नंतर तोच घाट गाडीने न अडखळता काढला आणि दोन्ही प्लग सारखे तपकिरी निघाले, म्हणजे मिश्रण बरोबर.

दाजी आजही सगळ्यांना सांगतात की गाडी कंपनीच्या पिस्टनमुळे पळाली. पिस्टन तर घाटात पकडलं तेव्हाही तेच होते! दाजी हे वाचत असतील तर वाचू देत.

पार्ट कुठे मिळतील याचं उत्तर राहिलं. करोल बागेत मिळतात, पण नकली पाकिटंही फिरतात, म्हणून पिस्टन मायक्रोमीटरने मोजूनच घ्या. मिस्त्री तर साताऱ्यातच शोधा. महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया स्कूटर इथेच बनायची, टू-स्ट्रोक कळणारे हात या गावात जुने आहेत. मोठे कार्बोरेटर लावू नका, कोणीही सांगितलं तरी.

आणि हो, तुमची गाडी एचटी (हाय टॉर्क) आहे की एलटी (लो टॉर्क) ते बघा. एचटी ३०.५ बीएचपीची, एलटी २७ ची. एलटी असेल तर मित्राच्या एचटीशी तुलना करून इंजिन खोलू नका. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने पाइप आणि कार्बोरेटरची रबरं फुगतात, तीही याच कामात बदलून घ्या. पाचगणीला नेणार असाल तर तिथे सुमारे १,३०० मीटरवर हवा विरळ असते, गाडी थोडी जड वाटेल, प्लग काळे दिसतील. तेवढ्यासाठी कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलायचे नाहीत, खाली साताऱ्यात पातळ मिश्रण होऊन पिस्टन पुन्हा पकडेल.