मालिश कुठे करायची, हे आधी त्याला विचारा

"रोज मालिश केली तर पाय पुन्हा चालतील ना, मॅडम?" मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या घरचे हमखास विचारतात. म्हणून एका घराची गोष्ट, ओळख लपवून.

नारळाच्या झाडावरून पडलेला तरुण. इजा छातीच्या दहाव्या मणक्यापाशी, त्यामुळे बेंबीखाली संवेदना नाही. आई सकाळ-संध्याकाळ तासतासभर गरम तिळाच्या तेलाने त्याचे पाय चोळायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. 'नस मोकळी होईल' असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

मी स्पष्टच सांगितलं. इजा मज्जारज्जूत आहे, पाय चोळून ती भरून येत नाही. मालिशने आखडलेपणा, दुखणं थोडा वेळ हलकं होतं, झोप बरी लागते. फिजिओथेरपीच्या जोडीला म्हणून ती चांगली, बदली म्हणून नाही.

"मग मी काय करू? हात बांधून बसू?"

उत्तर मुलाने दिलं. "दोन तास ती माझ्या पायांशी बोलते. माझ्याशी नाही."

"तुला दुखतं कुठे?" मी विचारलं.

"खांदे."

आई चमकलीच. व्हीलचेअर ढकलायची, हातांवर भार देऊन पलंगावर सरकायचं, सगळं ओझं खांद्यांवर. पण घरात सगळ्यांचं लक्ष पायांकडे. तिथेच तिला त्याच्या मागे उभं केलं. खुर्चीचे ब्रेक लावले, त्याचे हात उशीवर टेकवले आणि मानेपासून खांद्याच्या टोकाकडे तळव्याने संथ दाब द्यायला सांगितलं, हाडावर नाही. "जरा खाली. हं, तिथेच. हळू." अपघातानंतर तो पहिल्यांदाच तिला काहीतरी सांगत होता, आणि ती ऐकत होती.

मी रुग्णाला एकटं काढून बघत नाही, अख्खं घर समोर बसवते. ते का, हे अशा वेळी कळतं. ही मालिश म्हणजे आईचा नवस होता. नवस सोडा म्हटलं तर कोण ऐकेल? तिचे हात फक्त जिथे त्याला स्पर्श कळतो तिथे नेले. पायांना आता दहा मिनिटं, तीही त्याला विचारून.

पायांना हात लावण्याआधी मात्र नीट बघा. एकच पोटरी सुजलेली, गरम किंवा लाल असेल तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वात जास्त. मांडी किंवा गुडघ्याजवळ सूज येऊन सांधा आखडत चालला असेल तर स्नायूत हाड तयार होत असण्याची शक्यता असते, तिथेही जोर नको. माकडहाड, टाच, घोटा इथे लाली दिसली तर चोळायचं नाही, त्या जागेवरचा भार काढायचा. तेल फार तर कोमट, आणि ते स्वतःच्या मनगटावर तपासून घ्यायचं: त्याला चटका कळत नाही, फोड मात्र येतो. हलक्या, भराभर हातांनी पाय उलट झटके देतात. संथ, सलग दाब ठेवा. हाडं ठिसूळ झालेली असतात, म्हणून पाय ओढणं-पिळणं नाही.

इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल तर आणखी एक भान ठेवा. मालिश चालू असताना अचानक ठणकतं डोकं, चेहऱ्यावर लाली, घाम सुरू झाला तर हात थांबवा. आडवं ठेवू नका, लगेच बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का बघा. रक्तदाब भडकलेला असू शकतो. तेवढ्याने उतरलं नाही तर थेट दवाखाना.

बाहेरून मालिशवाला बोलावणार असाल तर इजा कुठे, स्पर्श कुठपर्यंत कळतो, हे त्याला आधी सांगा. पाठीवर पाय देणारा, मणके वाजवून दाखवणारा निघाला तर दारातूनच परत पाठवा.