मुळातली बुरशी मूळच का खात नाही?

प्रश्न : मायकोरायझा म्हणजे मुळांवर राहणारी बुरशी आणि ती एन्झाइम (रेणू तोडणारी-जोडणारी प्रथिनं) सोडून मातीतला फॉस्फरस मोकळा करते असं वाचलं. पण सडक्या लाकडावरची बुरशीसुद्धा एन्झाइमनेच लाकूड खाते ना, मग ही मुळं का कुजवत नाही? आणि फॉस्फेटचं खत देत असलो तरी ही टाकायची का?

उत्तर : शंका एकदम रास्त आहे. एन्झाइम म्हणजे एकच काहीतरी नसतं, प्रत्येकाचं काम ठरलेलं, लाकडावरच्या बुरशीकडे सेल्युलोज (लाकडाच्या आणि मुळांच्या पेशींच्या भिंती ज्याच्या बनतात ते) तोडणारी एन्झाइम भरपूर असतात, आणि बहुतेक पिकांच्या मुळात राहते त्या बुरशीकडे ती जवळजवळ नाहीतच. रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस नावाच्या अशाच बुरशीचा जीनोम, म्हणजे तिची सगळी जनुकं, 2013 साली वाचला तेव्हा हे दिसलं. तिला स्वतःचे फॅटी अॅसिड (चरबीचे घटक) पण नीट बनवता येत नाहीत, साखरेसोबत तेही झाडच पुरवतं. आता जिचं सगळं जेवण झाडाकडून येतं ती झाडाला कशाला कुजवेल!

पाइन, ओकच्या मुळांवरच्या बुरशीची गोष्ट थोडी वेगळी. तिनेही सेल्युलोज तोडायचं सामान बरंच टाकून दिलंय, पण काही जातींनी पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम राखून ठेवलंय, ह्युमसमध्ये (कुजून काळ्या झालेल्या सेंद्रिय मातीत) अडकलेला नायट्रोजन काढायला ते लागतं.

फॉस्फरसचं म्हणाल तर झाड तो फॉस्फेटच्या रूपात घेतं, पण कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला फॉस्फेट मोठ्या रेणूंना चिकटलेला असतो, मुळाला तो तसाच घेता येत नाही, फॉस्फेटेज एन्झाइम तेवढा फॉस्फेट कापून वेगळा करतं. पण हे एन्झाइम मुळं सोडतात, बॅक्टेरिया सोडतात, बुरशी पण सोडते, त्यामुळे मातीची टेस्ट करून 'फॉस्फेटेज वाढलं' असं कोणी सांगितलं तर विचारा, कोणाचं वाढलं? टेस्टमध्ये मातीत एक रसायन घालून साधारण 37 अंशाला तासभर ठेवतात आणि किती पिवळा रंग आला ते मोजतात, आता त्या पिवळ्या रंगावर मालकाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं. माझ्या मते या बुरशीच्या एन्झाइमचं जरा जास्तच कौतुक होतं, तिची खरी कमाल तिच्या धाग्यांत आहे. मुळाच्या केसापेक्षाही बारीक, काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धागे, मूळ पोचत नाही तिथे जातात आणि वाटेत साखर पाझरवतात, त्या साखरेवर बॅक्टेरिया जमतात आणि कापाकापीचं बरंच काम तेच करतात.

खताबद्दल : मातीत आधीच भरपूर फॉस्फेट असेल तर झाडच या बुरशीला फारसं आत घेत नाही, फुकट मिळत असताना साखर कशाला मोजायची. म्हणून आधी माती तपासा, फॉस्फरस कमी निघाला तर टाका. आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी असेल तर नकोच, त्या कुळाशी हिचं जमत नाही.