सव्वा तासात झॉम्बी औषधालाही नाही!

प्रश्न : दादा, 'द लास्ट ऑफ अस' ही झॉम्बी सिरीज उशिराच बघायला घेतली, पहिले दोन एपिसोड एका दमात संपवले आणि तिसऱ्याला गाडी अडकली. मुख्य जोडी जोएल-एली बाजूलाच आणि सव्वा तास दोन मध्यमवयीन पुरुषांचा संसार, झॉम्बी तर औषधालाही नाही! मित्र म्हणतात हाच बेस्ट एपिसोड, मला फिलर वाटला. - एक वाचक, सांगली

उत्तर : वैतागणं साहजिक आहे, झॉम्बी बघायला बसलो आणि समोर पियानो आला तर काय करणार. (औषधाला एक-दोन आहेत हो, त्यातला एक तर त्या दोघांतल्या बिलच्या सापळ्यात मरतो आणि हा पठ्ठ्या जेवता जेवता स्क्रीनवर ते बघून खूश होतो.) पण फिलर म्हणजे काढून टाकला तरी गोष्टीचं काही बिघडत नाही असा भाग, आणि हा काढून बघा बरं. ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी पुढचं वाचू नका.

बिल आधीपासूनच जगावर खार खाऊन असलेला. 2003 ला माणसांचे झॉम्बी करणारी साथ येते, सैनिक बोस्टनजवळचं लिंकन गाव रिकामं करतात, हा तळघरात लपून राहतो आणि मग अख्खं गाव याचंच. कुंपण, बंदुका, वाईन, सगळं जय्यत. 2007 मध्ये फ्रँक नावाचा अनोळखी माणूस त्याने खणलेल्या सापळ्याच्या खड्ड्यात पडतो, जेवायला म्हणून आत येतो आणि राहतोच. आता स्ट्रॉबेरीचा सीन आठवा. फ्रँकने गुपचूप बिलची एक बंदूक देऊन बिया घेतलेल्या असतात, आणि बिल आधी काय विचारतो, तर कुठली बंदूक? छोटीशीच, म्हणतो फ्रँक. मग बिल स्ट्रॉबेरी तोंडात टाकतो आणि बिल झालेला निक ऑफरमनसारखा आडदांड माणूस चक्क लहान पोरासारखा खिदळतो, आणि लगेच कबूल करतो की तू यायच्या आधी मला कधी भीती वाटली नव्हती. बस, या एपिसोडमधला हॉरर तो हाच. नंतर रात्री लुटारू येतात तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो कारण आता बिलकडे गमवायला कुणीतरी आहे. त्याला गोळी लागते, आपण म्हणतो गेला हा, आणि पुढच्या सीनला दहा वर्षं उलटलेली, व्हीलचेअरवर फ्रँक! क्रेग मेझिनच्या लिखाणातली ही उडी मला सगळ्यात आवडली. शेवटच्या दिवसाला लावलेली मॅक्स रिक्टरची ट्यून मात्र नको होती, किती सिनेमांत वाजून झालीय ती.

आता फिलरचं. जोएलची साथीदार टेस दुसऱ्याच भागात गेलीय, बिलला ते माहीतच नाही. मरण्याआधी त्याने जोएलला लिहिलेलं पत्र एली मोठ्याने वाचते, 'तुझ्यासाठी शस्त्रं ठेवतोय, ती वापरून जप...' इथवर येते आणि गप्प होते. जोएल कागद हातात घेतो, पुढे टेसचं नाव. तो न बोलता बाहेर जातो आणि परत येतो तो एलीला सोबत न्यायचं ठरवूनच. 2013 च्या मूळ व्हिडिओ गेममध्ये उलटं होतं, तिथे बिल जिवंत आणि फ्रँक त्याचा तिरस्कार करत गळफास घेऊन गेलेला, म्हणजे जोएलसमोर नुसता इशारा, कुणाला जीव लावू नकोस असा. सिरीजने त्याला एलीला जपायचं कारण दिलं. ऑफरमनला यासाठी एमी पारितोषिकही मिळालं, आणि ते योग्यच झालं.

प्रश्न : जग संपल्यानंतरची एकांकिका लिहितोय, एक बंकर, दोन पात्रं. तालमीत नुसती भाषणं वाटतात. - कॉलेजचा ग्रुप, ठाणे

उत्तर : त्यांना फालतू गोष्टीवरून भांडू दे. याच एपिसोडमध्ये फ्रँकला रंगरंगोटी करायचीय, गवत कापायचंय, आणि बिलला ती उधळपट्टी वाटते, दोघंही आपापल्या जागी बरोबर. फ्रँक तणतणत घराबाहेर येतो तिथूनच सीन सुरू होतो, आत काय झालं ते दाखवतच नाहीत. तुमच्याकडे तांब्याभरच पाणी उरू दे, आणि एकाला त्यातच दाढी करायची असू दे.