डॉसची फ्लॉपी इमेज बूट का होत नाही?

रिकाम्या इमेजमध्ये (फ्लॉपी डिस्कची जागा घेणाऱ्या फाइलमध्ये) डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइली कॉपी करूनही 'नॉन-सिस्टम डिस्क' असा संदेश येतोय, कारण नुसत्या फाइलींनी भागत नाही. पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधला (डिस्कच्या छोट्या तुकड्यातला) बूट कोड, म्हणजे डॉस सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आयओ.एसवायएस ही डॉसची मूळ फाइल शोधतो, आणि जुन्या आवृत्त्यांना ती फाइल डिरेक्टरीत अगदी पहिलीच लागते. साध्या कॉपीत हा क्रम सहज बिघडू शकतो.

आधी बरोबर १४,७४,५६० बाइटची, म्हणजे २८८० सेक्टरची कोरी फाइल करा. व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) हार्ड डिस्कवरून डॉस सुरू करा, ती फाइल फ्लॉपी म्हणून जोडा आणि 'फॉरमॅट ए: /एस' चालवा. बूट सेक्टर आणि फाइलींचा क्रम डॉसच लावतं. कमांड.कॉम (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारी डॉसची फाइल) मात्र त्याच आवृत्तीची हवी. दुसरीकडून आणलेली चालवायच्या फंदात पडू नका.